माशाच्या पिलाला खायला शिकवावं लागतं

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण त्याला खायला शिकवावं लागतं का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. जगात काही माणसांना तो पडला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता दीडशे वर्षं गेली. त्या दीडशे वर्षांची ही गोष्ट आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. रायगड जिल्ह्यात महाडच्या बाजूला काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा डोह आहे. हा डोह देवीचा, म्हणून तिथले मासे कुणी पकडत नाही. मासे आहेत महसीर जातीचे, चांगले मोठे. काठावरून मूठभर चुरमुरे पाण्यात टाकले की खालचा काळोख हलतो आणि माशांची तोंडंच तोंडं वर येतात. अशा देवाच्या डोहांवर किंवा देवळाच्या तळ्यांवर गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली असेल. चुरमुरे टाकायच्या आधीच मासे वर येऊ लागतात. माणसाची सावली पाण्यावर पडली की त्यांना कळतं, खाऊ आला.

डोहातल्या माशाला ही सवय परवडते, कारण तिथे गळ नाही आणि जाळं नाही. उघड्या नदीत मात्र पाण्यावर सावली पडते ती बहुतेक वेळा बगळ्याची, नाहीतर खंड्याची. तिथे सावली पाहून वर येणारा मासा फार दिवस टिकायचा नाही. माणसाच्या हातून खाऊन वाढलेला मासा नदीत सोडला तर तो तिथे जगेल कसा, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचा फार मोठा, खर्चिक आणि नीट नोंदलेला प्रयोग झाला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथला मासा होता सॅमन.

आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो मासा वेगळा. खरा सॅमन जन्मतो थंड नदीच्या वाळू-खड्यांत. थोडा मोठा झाला की प्रवाहाबरोबर समुद्रात जातो, काही वर्षं तिथे खाऊन-पिऊन वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. पॅसिफिक किनाऱ्यावरचे बहुतेक सॅमन या परतीच्या वाटेवर काही खात नाहीत. अंडी घालून झाली की मरतात. त्यांची कलेवरं नदीतच कुजतात. त्यांवर किडे वाढतात, आणि ते किडे पुढच्या पिढीची पिल्लं खातात. काही पिल्लं तर त्या कलेवरांचे लचकेही तोडतात. म्हणजे आईबाप मरतानाही लेकरांच्या जेवणाची सोय करून जातात.

१८७२ साली लिव्हिंग्स्टन स्टोन नावाचे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर येऊन उतरले. मूळचे धर्मोपदेशक, पण नाद माशांचा. अमेरिकेच्या सरकारने १८७१ मध्ये मत्स्य आयोग नेमला होता, त्याच्या कामासाठी ते आले होते. पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांतले मासे कारखाने, बंधारे आणि बेसुमार मासेमारीने कमी झाले होते. पश्चिमेच्या सॅमनची अंडी गोळा करायची, शेवाळात बांधून रेल्वेने पूर्वेला पाठवायची आणि तिथल्या नद्या पुन्हा भरायच्या, असा बेत होता. मॅक्लाउडचा काठ हा विनेमेम विंटू या आदिवासींचा मुलूख. स्टोन यांच्या केंद्रावर कामाला लागले तेही याच लोकांपैकी.

त्या काळात पिलांना खाऊ घालण्याचा प्रश्नच नव्हता. सॅमनचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या पोटाला बलकाची पिशवी चिकटलेली असते. ही त्याची शिदोरी. काही आठवड्यांत शिदोरी संपते. ती संपत आली की हॅचरीवाले पिलांना नदीत सोडून मोकळे व्हायचे. वर्षाच्या अहवालात सोडलेल्या पिलांचे लाखांचे आणि पुढे कोटींचे आकडे छापले जायचे. त्यातली किती जगली, याची पक्की नोंद फारशी कुणाकडे नव्हती.

ही मोजदाद काळजीपूर्वक करायची ठरवली ती कॅनडातल्या रसेल फॉर्स्टर यांनी. ब्रिटिश कोलंबियातल्या कल्टस तलावावर १९२५ पासून सुमारे दहा वर्षं त्यांनी हिशेब ठेवला. काही वर्षी माशांना नैसर्गिक रीतीने अंडी घालू दिली, काही वर्षी हॅचरीतली अंडी किंवा पिल्लं सोडली, आणि तलावातून समुद्राकडे निघालेली पिल्लं मोजली. निष्कर्ष अडचणीचा निघाला. हॅचरीच्या खटाटोपाने म्हणावा असा फायदा होत नव्हता. १९३० च्या दशकातच कॅनडा सरकारने ब्रिटिश कोलंबियातल्या आपल्या सॅमन हॅचऱ्या बंद केल्या.

अमेरिकेत मात्र निराळा विचार झाला. पिल्लू फार लहान असताना सोडतो म्हणून ते मरतं. मग त्याला आपल्याकडे ठेवून, खाऊ घालून, मोठं करूनच सोडावं. ओरेगॉनमध्ये १९१० च्या सुमाराला हे सुरू झालं होतं. आता स्वयंपाकघर उघडावं लागलं. पण माशाला वाढायचं काय? ट्राउट मासा पाळणाऱ्यांचा अनुभव हाताशी होता. ते नासलेल्या दुधाचा चोथा द्यायचे, खाटकाकडचं काळीज बारीक करून द्यायचे. काही जण तर तळ्यावर मांसाचे तुकडे टांगून ठेवायचे. त्यात अळ्या पडायच्या आणि टपाटप पाण्यात गळायच्या. ऐकून किळस येईल, पण आज मागे वळून पाहिलं तर त्या पद्धतीत एक शहाणपण होतं. पिलाला वळवळणारं, जिवंत भक्ष्य मिळत होतं.

मग आली धरणं. कोलंबिया नदीवर १९३८ मध्ये बॉनव्हिल धरण झालं. त्याच्या वरच्या अंगाला ग्रँड कूली हे साडेपाचशे फूट उंचीचं धरण १९४२ मध्ये पूर्ण झालं. बॉनव्हिलला मासे चढून जावेत म्हणून पायऱ्या केल्या होत्या, ग्रँड कूलीला त्याही नव्हत्या. वरच्या शेकडो मैलांच्या पाण्याची वाट सॅमनला कायमची बंद झाली. त्याची भरपाई म्हणून सरकारने हॅचऱ्या बांधल्या. धरणाने नदी हिरावली आणि हॅचरीने बालवाडी दिली, असा तो सौदा होता. तेव्हापासून हॅचरीतलं खाणं ही एखाद्या हौशी माणसाची बाब राहिली नाही. एका अख्ख्या नदीचं भवितव्य त्या भांड्यात शिजू लागलं.

त्या स्वयंपाकघरात मांस दळायची मोठी यंत्रं होती. काळीज, प्लीहा, घोड्याचं मांस, डब्यांच्या कारखान्यातून नाकारलेला माल, सगळं त्यात जायचं. स्वस्त पडावं म्हणून अंडी काढून झालेल्या सॅमनची कलेवरं आणि आतडीही कच्चीच दळून पिलांना घालायचे. निसर्गात आईबापाचं शरीर पिलांच्या तोंडी जातंच, मग इथे काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. पण नदीत ते शरीर वाहत्या पाण्यात पसरून, कुजून, किड्यांच्या वाटेने पोचतं. हॅचरीत एका आजारी माशाचं मांस हजारो पिलांच्या तोंडी एकाच दिवशी जात होतं. १९५० च्या दशकात परतलेल्या मोठ्या माशांमध्ये क्षयरोगाच्या गाठी दिसू लागल्या. माग काढल्यावर मूळ सापडलं ते या कच्च्या खाद्यात.

दुसरं कोडं जुनंच होतं. मांस महाग, म्हणून सुकं खाद्य देऊन पाहिलं की पिल्लं काही आठवडे छान वाढायची आणि मग पटापट मरायची. क्लाइव्ह मॅके या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात कनेक्टिकटमधल्या एका हॅचरीत ट्राउटवर याचा अभ्यास केला. सुक्या खाद्यात थोडंसं कच्चं काळीज मिसळलं की मासे जगत. काळजात नक्की काय आहे हे ठाऊक नव्हतं. मॅके यांनी त्या अज्ञात घटकाला 'फॅक्टर एच' असं नाव देऊन ठेवलं. कमी वाढलेले मासे जास्त दिवस जगतात, हेही त्यांना याच कामात दिसलं. पुढे त्यांनी उंदरांवर केलेल्या मिताहार आणि दीर्घायुष्याच्या प्रसिद्ध प्रयोगांचं बीज इथलंच.

फॅक्टर एच म्हणजे एकच एक जादूची वस्तू नव्हती, हे उलगडायला आणखी तीस वर्षं लागली. कोलंबिया नदीजवळच्या कुक या छोट्या गावात जॉन हाल्व्हर यांची प्रयोगशाळा होती. १९५० च्या दशकात त्यांनी माशांसाठी असं खाद्य तयार केलं, ज्यातला प्रत्येक घटक मोजून घातलेला होता. मग एकेक जीवनसत्त्व काढून घ्यायचं आणि मासा काय सांगतो ते पाहायचं. थायमिन, म्हणजे बी-१, काढलं की माशाचा तोल जायचा, तो झटके देत गोल फिरायचा. पँटोथेनिक आम्ल काढलं की कल्ले सुजून एकमेकांना चिकटायचे. पुढच्या दशकात क जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. ते नसलं की कणा वाकडा व्हायचा. अशा रीतीने माशाच्या ताटाची यादी तयार झाली. त्याच सुमारास ओरेगॉनमध्ये ओलसर गोळी खाद्य निघालं. मासळीचा भाग आधी तापवून रोगजंतू मारलेले, त्यात सुकी पूड आणि जीवनसत्त्वं, आणि सगळं गोठवून ठेवलेलं. १९६० च्या दशकात ते हॅचऱ्यांमध्ये रुळलं आणि मांस दळायची यंत्रं हळूहळू बंद पडली.

ठेचा लागायच्या त्या लागतच होत्या. १९६० मध्ये अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमधल्या ट्राउटच्या यकृतात गाठी होण्याची साथच आली. कारण निघालं खाद्यातली बुरशी लागलेली सरकीची पेंड. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. आपल्याकडे शेंगदाण्याच्या आणि मक्याच्या संदर्भात हे नाव आपण आज ऐकतो. पण एकंदरीत १९७० पर्यंत लढाई जिंकल्यासारखी वाटत होती. पिल्लं मरत नव्हती, गुटगुटीत होत होती. आजही कोलंबियाच्या खोऱ्यातून दरवर्षी दहा कोटींहून जास्त हॅचरीची पिल्लं सोडली जातात.

इथे आपल्या गोष्टीचा पूर्वार्ध संपतो. आतापर्यंत प्रश्न होता, मासा हॅचरीत कसा जगेल. उत्तरार्धातला प्रश्न आहे, हॅचरीतून बाहेर पडल्यावर तो कसा जगेल. हे दोन प्रश्न एकच आहेत असं शंभर वर्षं धरून चालले होते. ते एक नाहीत.

हॅचरीतला दिवस डोळ्यांसमोर आणा. सिमेंटचा लांब हौद, एकसारखं पाणी, लपायला दगड नाही, सावलीला झाड नाही. ठरल्या वेळी माणूस येतो आणि वरून गोळ्या उधळतो. जो आधी वर येईल, धक्काबुक्की करेल, त्याला जास्त मिळतं. गोळी पळत नाही, लपत नाही, चावत नाही. सगळ्या गोळ्या एका आकाराच्या, एका रंगाच्या. आता नदी पाहा. इथलं अन्न म्हणजे दगडाखालच्या अळ्या, प्रवाहात वाहत येणारे किडे. ते सापडेल तेव्हा सापडेल. दगडाच्या आडोशाला थांबायचं, ताकद वाचवायची, नेमका घास ओळखून झडप घालायची आणि पुन्हा आडोशाला यायचं. हौदात जे केल्याने पोट भरतं, नेमकं तेच नदीत जिवावर बेततं.

याचे पुरावे हळूहळू जमा झाले. नुकत्याच सोडलेल्या माशांची पोटं तपासली तेव्हा बरीच रिकामी दिसली. जे खाल्लेलं होतं त्यात जंगली भावंडांपेक्षा कमी प्रकारचे किडे होते, आणि कधी कधी काडीकचरा आणि खडेसुद्धा. गोळीसारखं दिसलं, गिळलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियाच्या मुखाशी राइस आयलंड या बेटावर कॅस्पियन सुरय पक्ष्यांची मोठी वसाहत होती. ते पक्षी दर वर्षी सॅमनची लाखो पिल्लं खात होते. पिलांच्या अंगात बसवलेल्या बारीक खुणेच्या चकत्या त्या वसाहतीच्या जमिनीत सापडल्या. त्यावरून २००१ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की वर्षभराच्या चिनूक सॅमनपैकी हॅचरीतली पिल्लं जंगली पिलांपेक्षा या पक्ष्यांच्या जास्त तावडीत सापडत होती. हॅचरीची पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहतात आणि सुरय तिथेच सूर मारतो, असं त्यांनी सुचवलं. वाळणकोंडातली ती वर आलेली तोंडं आठवा.

दुसरा पुरावा आणखी विचार करायला लावणारा आहे. वॉशिंग्टन राज्यात याकिमा नदीवर क्ले एलम येथे १९९७ पासून याकामा आदिवासींची हॅचरी आहे. अतिशय विचारपूर्वक चालवलेली. चिनूकचा नर साधारणपणे समुद्रात जाऊन, मोठा होऊन परततो. पण काही नर समुद्राचं तोंड न पाहता वीतभर असतानाच वयात येतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या हॅचरीतल्या नरांपैकी ३७ ते ४९ टक्के असे अकाली वयात आलेले आढळले. कारण कुपोषण नव्हतं, उलट सुबत्ता होती. भरपूर आणि स्निग्ध खाद्यामुळे पहिल्या वर्षात अंगावर चरबी चढते, आणि शरीराला वाटतं की झाली तयारी, आता समुद्रात कशाला जायचं. वाढीचा वेग आणि खाद्यातली चरबी कमी केली तेव्हा असे नर कमी निघाले, हे २००६ च्या प्रयोगात दिसलं. लेकरू गुटगुटीत असलं म्हणजे सगळं ठीक, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

आणि तिसरा पुरावा २००७ चा. ओरेगॉनमधल्या हूड नदीत स्टीलहेड नावाच्या माशांच्या पिढ्यांची वंशावळ संशोधकांनी जनुकांवरून मांडली. बंदिवासात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतलं प्रजननाचं यश सुमारे ४० टक्क्यांनी घटत होतं. याला केवळ खाणं जबाबदार नाही. हौदात जे टिकतात त्यांचीच निवड होत जाते, हे मोठं कारण. पण ती निवड होते कशावर? बऱ्याच अंशी गोळी कोण आधी पकडतो, यावर.

मग उपाय काय? पहिला विचार झाला समुद्राचा. गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाताना पिलांच्या कल्ल्यांना मोठा बदल करावा लागतो. सोडण्याआधी काही आठवडे खाद्यात मीठ वाढवलं तर चिनूक पिल्लं समुद्राच्या पाण्यात जास्त तगतात, असं १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. घास हे केवळ इंधन नाही, पुढच्या प्रवासाची सूचनाही असते, हे इथे स्पष्ट झालं. नंतर अमेरिकेत काही हौदांत खडे-वाळू घातली, वर आडोसा केला, गोळ्या पाण्याखालून सोडल्या, काही पिलांना जिवंत भक्ष्य दिलं. २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी अटलांटिक सॅमनवर असाच प्रयोग केला. हौदात दगड-वनस्पती ठेवल्या आणि जिवंत भक्ष्याचा अनुभवही दिला, अशी पिल्लं नवं भक्ष्य ओळखून पकडण्यात सर्वांत पुढे गेली. नुसतं भक्ष्य किंवा नुसतं घर पुरेसं नव्हतं. दोन्ही जोडीने लागत होतं. अर्थात प्रयोगशाळेतलं यश मोठ्या हॅचरीत तसंच्या तसं उतरत नाही. क्ले एलमला नैसर्गिक भासणाऱ्या हौदांतली पिल्लं सोडून पाहिली, तेव्हा ती साध्या हौदांतल्या पिलांपेक्षा जास्त जगली असं काही दिसलं नाही.

हे सगळं ऐकताना आपल्याकडच्या मत्स्यशेतकऱ्याला कदाचित हसू येईल. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं, आणि मत्स्यबीज हुकमी मिळू लागलं. पण आपल्या संवर्धन तळ्यात पिल्लू सोडण्याआधी काय करतात? मोहाची पेंड टाकून भक्षक मासे काढतात, चुना मारतात आणि शेण घालतात. चार-आठ दिवसांत पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात. मगच त्यात मत्स्यजिरे सोडतात. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा हे वरचं खाणं. कटला, रोहूचं पिल्लू पहिल्या दिवसापासून तळ्यातलं जिवंत अन्न स्वतः टिपतं. ते बोटाएवढं झालं की बोटुकली म्हणून धरणाच्या जलाशयात सोडतात. तिथेही त्याला साधारण ओळखीचंच ताट मिळतं. यात आपण फार शास्त्र केलं असं नाही. कार्प शाकाहाराकडे झुकलेला, सॅमन शिकारी, त्यामुळे आपलं काम सोपं. पण शेणाच्या त्या पाटीत जो विचार आहे, तो सिमेंटच्या हौदाला फार उशिरा सुचला.

आपणही चुकलो आहोत. महसीर आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमधला. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली निळ्या परांच्या महसीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. काम मोलाचं होतं आणि लाखो पिल्लं जगली. पण १९७० च्या दशकापासून ही पिल्लं दूर कावेरीतही सोडली गेली. तिथे कुबडाचा महसीर हा त्या नदीचा स्वतःचा राजा होता. पुढच्या काळात निळ्या पराचा मासा वाढला आणि कुबडाचा घटत गेला. २०१८ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव निश्चित झालं, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. त्याच्या घसरणीत या पाहुण्याचा वाटा असावा, असं अभ्यासकांना वाटतं. उत्तम पोसलेला मासा म्हणजे योग्य जागी सोडलेला मासा नव्हे, हा धडा आपल्याच खर्चाने आपण शिकलो.

आणि निसर्गातलं ताट नेहमीच परिपूर्ण असतं, असंही नाही. २०२० च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या हॅचऱ्यांमध्ये चिनूकची नवजात पिल्लं गोल गोल फिरत मरू लागली. हाल्व्हर यांनी सत्तर वर्षांपूर्वी पाहिलेलं तेच लक्षण, थायमिनचा अभाव. आयांनी समुद्रात प्रामुख्याने अँकोव्ही मासे खाल्ले होते, आणि अँकोव्हीत थायमिन नष्ट करणारा घटक असतो. आईच्या जेवणातली उणीव अंड्यात उतरली होती. हॅचरीवाल्यांनी पिलांना थायमिनच्या पाण्यात आंघोळ घातली आणि ती वाचली. शंभर वर्षांची ती सारी विद्या त्या दिवशी कामी आली. म्हणून हॅचरी वाईट, असा सोपा निकाल मला द्यायचा नाही.

शेवटी पुन्हा मॅक्लाउड नदीवर जाऊ. स्टोन यांचं ते केंद्र आज दिसत नाही. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणाच्या पाण्याखाली ते बुडालं. नदीत चढून येणारा सॅमनही तेव्हापासून थांबला. २०२२ च्या उन्हाळ्यात दुष्काळ होता आणि धरणाखालचं पाणी अंड्यांना सोसणार नाही इतकं गरम झालं होतं. तेव्हा सरकारी मत्स्य विभाग आणि विनेमेम विंटू लोक यांनी मिळून हिवाळी चिनूकची सुमारे ४० हजार अंडी मॅक्लाउडच्या काठी आणली. ऐंशी वर्षांनी सॅमन त्या नदीवर परतत होता. अंडी ठेवलेल्या पेट्यांमधून नदीचंच पाणी खेळत होतं. पिल्लं बाहेर आली, शिदोरी संपली आणि ती नदीत उतरली. खाली त्यांतली काही पकडून, धरणाला वळसा घालून, गाडीने पुढच्या नदीत नेऊन सोडावी लागली. धरण आहे तोवर तेवढं माणसाला करावंच लागणार. पण मधल्या त्या आठवड्यांत ती पिल्लं मॅक्लाउडचे किडे टिपत होती. दगडाआड थांबत होती, वरून सावली आली की खाली जात होती. त्यांना गोळ्या उधळायला काठावर कुणी उभं नव्हतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)